शेऱ्याचा रकाना

धुळ्याला येताना जीनत पिंजारीच्या बॅगेत साठ म्हाताऱ्या माणसांची यादी होती. या साठ जणांना ऐकू येतं का, एवढंच तिला पाहायचं होतं. अर्थात मुंबईच्या कार्यालयातून निघालेल्या पत्रात ते इतकं सोपं लिहिलेलं नव्हतं. तिथं 'श्रवणयंत्र वाटप योजनेचे कामगिरी लेखापरीक्षण' असं होतं, आणि खाली चार ओळींचे नियम.

जीनत नोकरीला होती देशाच्या महालेखापरीक्षकांच्या खात्यात. लोक त्याला कॅग म्हणतात आणि पेपरात नाव आलं की घाबरतात. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या तिच्या गल्लीत अजूनही बऱ्याच जणांना वाटायचं की मुख्तारभाई पिंजाऱ्याची पोरगी धाडी टाकते. ती सोळा वर्षं सांगत होती, तसं नसतं. सरकारनं जे पैसे खर्च केले ते नीट केले का, आणि ज्याच्यासाठी केलं त्याला त्याचा काही उपयोग झाला का, हे आम्ही पाहतो आणि विधानसभेला कळवतो. पकडत नाही, काही देतही नाही. बघतो आणि लिहितो. ऐकणारा मान हलवायचा आणि पुन्हा विचारायचा, "पण मग धाड कधी टाकता?"

योजना चार वर्षांपूर्वीची. जिल्ह्यातल्या ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांना शिबिरं घेऊन कानामागं लावायची यंत्रं वाटलेली. दोन हजारांवर माणसं होती. त्यांतून नियमाप्रमाणे चिठ्ठ्या काढल्यासारखी साठ नावं निवडली गेली, आणि त्या साठ घरी जाऊन पाहणी करायची ठरली. बरोबर यंत्रं वाटणाऱ्या खात्याचा माणूस हवा, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ऑडिटवाल्यांनी मनचं लिहिलं.

तो माणूस म्हणजे योगेंद्र गिरासे. वय सत्तावन्न, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. निवृत्तीला दहा महिने राहिलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर फायली मांडल्या तेव्हा जीनत पाहतच राहिली. प्रत्येक यंत्राची पावती, प्रत्येक पावतीवर अंगठा, प्रत्येक अंगठ्याशेजारी यंत्र हातात धरलेल्या माणसाचा फोटो.

"साहेब, इतकी नीट फाईल मी आजवर पाहिली नाही," ती म्हणाली.

गिरासे साहेबांना ते ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी शिपायाला हाक मारून तिच्यासाठी पंखा जवळ ओढायला लावला.

पहिले दोन दिवस तेरा घरं झाली. प्रश्नपत्रिका मुंबईहून मंजूर होऊन आली होती. नाव, वय, शिबिराची तारीख, आणि मग मुख्य प्रश्न: यंत्र मिळाले काय? होय किंवा नाही. जीनत विचारायची, घरातली सून नाहीतर मुलगा उत्तर द्यायचा, आणि आतून डबी यायची. कुणाच्या पेटीतून, कुणाच्या देवाच्या फोटोमागून, एका घरी तर ज्वारीच्या कोठीतून. डबी उघडली की आत यंत्र असायचंच. गिरासे साहेब प्रत्येक वेळी समाधानानं मान डोलवायचे.

"बघा मॅडम, एकही कमी नाही. किती जपून ठेवतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसल्यावर जीनतच्या मनात तेच वाक्य घोळायला लागलं. जपून ठेवतात. चष्मा कुणी जपून ठेवतं का? चष्मा नाकावर असतो.

त्या दिवशी सावळपिंप्रीत गेले. पांझरा नदीच्या अंगाला, साक्री रस्त्यावरून आत वळलं की कापसाच्या पळकाट्यांचे ढीग लागतात आणि मग गाव. यादीत नाव होतं भिकुबाई वना माळी, वय एकाहत्तर. अंगणात दोन खाटा टाकलेल्या, त्यांवर प्लॅस्टिक अंथरून पापडासारखे बिबडे वाळत घातलेले. भिकुबाई खाली बसून पातेल्यातलं ज्वारीचं पीठ हातानं थापत होत्या. पाठीमागं गाडी थांबली, दारं आपटली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. बिबड्यांवर सावली पडली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि हसल्या.

त्यांचे मालक वना आबा गोठ्यातून धोतराला हात पुसत आले. "या साहेब, बठा. तिले ऐकू येस नही. काय इचारनं ते माले इचारा."

"आबा," जीनत म्हणाली, "माले त्यास्लेच इचारनं शे."

म्हातारा थबकला. मुंबईची साहेबीण आणि तोंडात अहिराणी. "तुम्हले आपली बोली येस?"

"मना बाप पिंजारी शे. लहानपनी त्यानी सायकलवर मांगे बशीसन गावेगाव फिरनू."

हे खरं होतं. दिवाळीनंतर मुख्तारभाई पिंजण खांद्याला अडकवून गाद्या पिंजायला निघायचे तेव्हा शाळेच्या सुट्टीत जीनत मागं बसायची. अब्बा अंगणात कापूस पिंजत असताना ती त्या घरच्या पोरींबरोबर खेळायची, आणि बोली तिथंच शिकली. घरी हिंदी, शाळेत मराठी, गावात अहिराणी. ऑफिसमध्ये तिसरीची गरज कधी पडली नव्हती.

ती भिकुबाईंसमोर उकिडवी बसली. कानाकडं बोट केलं, हातानं डबी उघडल्यासारखं केलं. भिकुबाईंना लगेच कळलं. पिठाचे हात धुऊन त्या आत गेल्या आणि खणाच्या नव्या कापडात गुंडाळलेली डबी घेऊन आल्या. आतलं यंत्र कालच आणल्यासारखं चकचकीत होतं.

"भलतं चांगलं व्हतं," भिकुबाई मोठ्यानं म्हणाल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं त्या जरा ओरडूनच बोलत. "धा दिन चालनं."

जीनतनं हात उलटा केला. मग?

"मंग सरनं." त्यांनी डबी परत खणात गुंडाळायला घेतली. "मना वाटाले धा दिन उनात. बठ्ठास्लेच देनं पडस ना सरकारले."

माझ्या वाट्याला दहा दिवस आले, सगळ्यांनाच द्यावं लागतं ना सरकारला. त्यात तक्रार नव्हती. रेशनच्या दुकानावर साखर संपली की पुढच्या माणसाकडं बघून बाई बाजूला होते, तसं त्या बोलल्या. जीनतनं गिरासे साहेबांकडं पाहिलं. ते धुळ्याचेच होते, त्यांना शब्दन् शब्द कळला होता. ते बिबड्यांकडं बघत उभे होते.

"आबा, त्या दहा दिवसांत काय काय ऐकू आलं?" जीनतनं विचारलं. प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न नव्हता.

वना आबा खाटेच्या कडेला टेकले. पहिल्या दिवशी तर ती घाबरलीच, म्हणाले. भांडं पडलं तर दचकायची. शेळी पाला खाताना एवढा आवाज करते हे ती विसरूनच गेली होती, तासभर शेळीपाशी बसून राहिली. सुरतेला दिलेली पोरगी, रत्ना, तिचा फोन आला. आठ वर्षांनी तिनं पोरीचा आवाज ऐकला. दोघी रडल्या, मग भांडल्या, मग पुन्हा रडल्या.

"आनि दहावा दिन?"

"दहावा दिन मी बोली ऱ्हायंतू," वना आबा म्हणाले. "शेताला पाणी द्यायच्या बारीवरून आमच्या शेजाऱ्याची मजा झाली होती, ती सांगत होतो. ती हसत होती. मधीच हसाची थांबनी. माले वाटनं, रागायनी. मी घडीभर तसाच बोलत राहिलो." ते थांबले. "मंग समजनं."

गिरासे साहेबांना राहवलं नाही. "पण आबा, सेल संपला असेल! सेल बदलायचा ना!"

"बदलाले गयथू ना साहेब. बॅटरीचा सेल लावून पाहिला, बसत नाही. साक्रीला घड्याळवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, हा आपल्याकडचा नाही. कोनी सांगंच नही, कोनता लागस, कोठे भेटस."

"सांगितलं होतं. शिबिरात सगळ्यांना सांगितलं होतं. आमच्या माणसानं अर्धा तास माईकवरून..." गिरासे साहेब बोलता बोलता थांबले. माईकवरून, ऐकू न येणाऱ्या चारशे माणसांना. हे वाक्य त्यांनी चार वर्षांत आज पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं असावं. त्यांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली.

जीनतनं मांडीवर प्रश्नपत्रिका घेतली. यंत्र मिळाले काय? होय. त्यावर खूण केली. उजव्या कडेला शेऱ्याचा एक अरुंद रकाना होता. तेरा घरांत तिनं तो रिकामाच सोडला होता. त्यात ती बारीक अक्षरात लिहायला लागली. यंत्र दहा दिवस चालले. सेल संपला. सेल कोणता व कोठे मिळतो हे लाभार्थीस सांगितल्याचे दिसत नाही. आज ऐकू येत नाही. रकाना पुरला नाही म्हणून कागद उलटून मागं लिहिलं. आबांना वाचून दाखवलं, आबांनी हातवाऱ्यांनी बायकोला समजावलं, आणि भिकुबाईंनी खाली अंगठा उमटवला. गिरासे साहेबांनीही सही केली.

अंगठ्याची शाई पुसत भिकुबाईंनी विचारलं, "तू काय देवाले उनी शे, बाई?"

जीनतनं दोन्ही हात पसरून दाखवले, रिकामे, द्यायला काही नाही. मग हवेत लिहिल्यासारखं केलं.

"लिखाले उनी?" भिकुबाईंनी क्षणभर विचार केला. "लिख मंग. चांगलं लिख." आणि चहा ठेवायला आत गेल्या. कुणाच्या घरचं काही घ्यायचं नाही असा नियम होता. जीनतनं तो चहा प्यायला, आणि वर एक कच्चा, ओला बिबडाही खाल्ला.

परतताना गाडी फाट्यावर आल्यावर गिरासे साहेब म्हणाले, "मॅडम, तो शेरा..."

"हं."

"मी दहा महिन्यांनी रिटायर होतोय. अहवालात तुमचा आक्षेपाचा पॅरा निघाला की पेन्शनचे कागद अडकतात म्हणतात. योजनेत एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही. तुम्हीच म्हणालात, फाईल इतकी नीट पाहिली नाही."

"आजही तेच म्हणते."

"मग?"

"साहेब, भिकुबाईंना ऐकू येत नाही."

गिरासे साहेब खिडकीबाहेर पाहायला लागले. "योजनेत सेलची तरतूदच नव्हती. वरून जसं आलं तसं मी वाटलं. यात माझं काय चुकलं?"

"तुमचं चुकलं असं मी कुठं लिहिलंय? पॅरा माणसावर नसतो." जरा थांबून तिनं विचारलं, "हे तुम्ही वर कधी कळवलं होतं का?"

"कळवून काय होतं, मॅडम," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जीनतनं सांगितलं की झालेल्या तेरा घरी परत जायचं. गिरासे साहेब वैतागले, पण आले. या खेपेला तिनं सुनांना आणि मुलांना बाजूला बसवलं आणि डबीची नव्हे, कानाची चौकशी केली. कुणाचं यंत्र पंधरा दिवस चाललं होतं, कुणाचं आठ. एका आजोबांना ते उलट्या कानाला लावून दिलं होतं, त्यांनी ते एक दिवसही सोसलं नव्हतं. एका आजी म्हणाल्या, बिघडलं असं सांगितलं तर सरकार भरपाई मागेल म्हणून गप्प राहिले. शेऱ्याचे रकाने भरत गेले.

शनिवारी ती जळगावला, पिंप्राळ्याला घरी गेली. वाटेत स्टेशनरोडच्या एका दुकानात उतरली आणि तसल्या सेलचं पाकीट मागितलं. सहा सेल. प्रत्येकावर रंगीत कागद चिकटवलेला. कागद काढला की सेल सुरू होतो, दुकानदारानं सांगितलं. दोनशे तीस रुपये.

घरी मुख्तारभाई दुकानापुढं खुर्ची टाकून बसले होते. आता पिंजण गेलं होतं, मशीन आलं होतं, आणि ते पुतण्या चालवायचा. पण गादीला टाके अजून ते स्वतःच घालायचे. जीनतनं त्यांना भिकुबाईंची सगळी गोष्ट सांगितली. मग पर्समधलं पाकीट दाखवलं.

"अच्छा केलंस," अब्बा म्हणाले. "सोमवारी देऊन टाक."

"तोच विचार करतेय. द्यावं की नाही."

"यात विचार कसला?"

"अब्बा, मी लिहून आलेय की तिच्याकडं सेल नाही. मीच दिला तर त्या कागदाचा अर्थ काय राहिला? उद्या कुणी जाऊन बघेल तर म्हणेल, बाईला तर ऐकू येतं, ऑडिटवाली खोटं लिहिते. आणि बाकीच्यांना कुठून देऊ? जिल्ह्यात दोन हजार आहेत."

मुख्तारभाईंनी सुई गादीत खोचून ठेवली. "दोन हजारांचं मला माहीत नाही. मला तू एका बाईचं सांगितलंस. ती आणखी किती दिवस ऐकू न येता बसणार? सहा महिने? वर्ष? या वयात वर्ष म्हणजे थोडं असतं का, बेटा?"

"माहीत आहे."

"मग?"

तिच्याकडं उत्तर होतं, पण ते ऑफिसात पटणारं उत्तर होतं. इथं, कापसाच्या वासात, अब्बांच्या समोर ते तिला नीट उच्चारता येईना. अम्मीनं जेवायला हाक मारली तेव्हा विषय तिथंच राहिला. अब्बांना पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही पुरतं पटलं नव्हतं. तरी सोमवारी सकाळी धुळ्याची बस धरण्याआधी तिनं ते पाकीट दुकानात परत केलं. कागद काढलेले नाहीत हे पाहून दुकानदारानं कुरकुर न करता पैसे दिले. बसमध्ये बसल्यावर एरंडोल येईपर्यंत तिला रडू आवरत नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, "माहेरून निघालीस का ग?" जीनतनं मान हलवली.

साठ घरं पुरी झाली. तिघं दरम्यान वारले होते. सहा जणांचं यंत्र चालू होतं, कारण त्यांची मुलं पुण्या-सुरतेहून सेल आणून देत. उरलेल्या एक्कावन्न डब्यांमध्ये यंत्रं नुसती पडून होती.

पाहणीनंतरचा आठवडा कार्यालयातल्या कागदांचा. जावक नोंदवह्या चाळताना, चार वर्षांपूर्वीच्या वहीत, शिबिरानंतर बरोबर वीस दिवसांनी जीनतला एक ओळ दिसली. 'श्रवणयंत्रांचे सेल उपलब्ध करून देणेबाबत.' पत्र वरच्या कार्यालयाला गेलेलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, स्मरणपत्र क्रमांक एक. पुढं क्रमांक दोन. त्यानंतर काही नाही. तिनं नोंदवही उचलली आणि गिरासे साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, या पत्रांच्या प्रती हव्यात."

त्यांनी ओळ वाचली.

"तुम्हीच लिहिली होती?"

"माझ्या आत्याला त्याच शिबिरात यंत्र दिलं होतं, मॅडम. पंधरा दिवसांनी तिच्याकडं गेलो तर तिचं बंद. धुळ्यात शोधून सेल आणून दिला. मग मनात आलं, माझी आत्या म्हणून तिला मिळाला. म्हणून पत्र लिहिलं." ते हळू आवाजात बोलत होते, पलीकडच्या टेबलावर ऐकू जाऊ नये असं. "तिसऱ्या पत्रानंतर वरून फोन आला. गिरासे, तुम्हाला वाटपाचं काम दिलंय, ते करा, पत्रं लिहीत बसू नका. मी बंद केलं. मग आपण लिहिलं होतं हेही विसरायचा प्रयत्न केला."

"त्या दिवशी मी गाडीत विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"ऑडिटला आपणहून पत्र दाखवलं की वरच्यांना वाटतं, यानंच चुगली केली. दहा महिने राहिलेत हो माझे."

जीनतनं खुर्ची ओढली. "तुम्ही आपणहून दाखवलेलं नाही. मला नोंदवहीत दिसलं, मी लेखी मागते, तुम्ही देता. मागितलेला कागद देणं हे तुमचं कर्तव्यच आहे, त्याला कुणी चुगली म्हणू शकत नाही." तिनं तिथंच अर्ध्या पानाचा मेमो लिहिला. तिच्या खात्यात पान मधोमध दुमडून डाव्या अर्ध्यात प्रश्न लिहितात आणि उजवा अर्धा उत्तरासाठी कोरा सोडतात. तिनं प्रश्न लिहिला: सेलची अडचण कार्यालयाच्या लक्षात आली होती काय, आल्यास काय कार्यवाही केली?

गिरासे साहेबांनी तो कोरा अर्धा पुढं ओढला. दोन पेनांपैकी एक उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. मग सावकाश लिहायला लागले. तीन पत्रांच्या तारखा, त्यांचे क्रमांक. खाली 'उत्तर प्राप्त झाले नाही.' पत्रांच्या प्रती जोडून प्रत्येकीवर 'सत्यप्रत' लिहून सही केली. तिसरी सहीही नेहमीइतकीच वळणदार आली.

पुढचं सगळं मुंबईत झालं, आणि तिथं कामं जशी होतात तशीच झालं. जीनतचा चौदा पानांचा मसुदा वरिष्ठांनी तीन पानांवर आणला. सगळी नावं गेली, शेळी गेली, रत्ना गेली. राहिलं ते 'साठपैकी एक्कावन्न लाभार्थ्यांचे यंत्र सेलअभावी बंद असल्याचे आढळले' हे वाक्य, आणि त्याखाली तीन पत्रांच्या तारखा. तारखांसाठी ती अडून बसली होती. यंत्रं वाटणाऱ्या खात्याच्या वरिष्ठांबरोबर शेवटची बैठक झाली तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या सचिवबाईंनी त्या प्रती मागवून घेतल्या आणि तिथंच वाचल्या. तीनही वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"हे चार वर्षांपूर्वीच आपल्याला कुणीतरी सांगितलं होतं," त्या आपल्याच अधिकाऱ्यांना म्हणाल्या.

साडेसात महिन्यांनी आदेश निघाला. दर तीन महिन्यांनी गावच्या आरोग्य केंद्रातून सेल द्यावेत, आणि यंत्र कसं लावायचं, सेल कसा बदलायचा, हे प्रत्येकाच्या हातात देऊन करून दाखवावं. गिरासे साहेबांच्या नोकरीचे तेव्हा सोळा दिवस उरले होते. त्यांचा जीनतला फोन आला.

"मॅडम, उद्या सावळपिंप्रीला निघालोय. सेलचा पहिला डबा घेऊन."

"शिबीर आहे का?"

"शिबीर नाही. घरोघर जाणार आहे. माईक नेत नाही." आणि ते हसले. इतक्या दिवसांत त्यांना हसताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांची पेन्शन अडकली नाही. निरोपसमारंभाला त्यांनी जीनतला बोलावलं होतं, तिला जाता आलं नाही.

अहवाल विधानसभेत ठेवला जायला आणखी वर्ष गेलं. जाड पुस्तक, आणि त्यात तिची सव्वादोन पानं. त्याच दिवसांत तिची मामेबहीण महेक हिचं धुळ्यात लग्न निघालं. वलीम्याच्या मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी जीनत एकटीच साक्रीच्या बसमध्ये बसली. आता ती सरकारी कामावर नव्हती. पिशवीत अम्मीनं दिलेली मिठाई होती आणि त्या पानांची एक प्रत.

सावळपिंप्रीच्या अंगणात भिकुबाई लसूण सोलत होत्या. जीनतनं फाटकाबाहेरूनच हाक मारली, "अक्का!"

भिकुबाईंनी चटकन वळून पाहिलं. कानामागं यंत्राचा मातकट रंगाचा छोटा आकडा होता. त्यांनी जीनतला ओळखलं, उठल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आणि मग मात्र जरा गोंधळल्या.

"आखो बोल," त्या म्हणाल्या. आता त्या ओरडत नव्हत्या.

"काय बोलू, अक्का?"

"काहीबी. तुना आवाज असा शे व्हय? माले वाटे, जाडा व्हई."

जीनत हसायला लागली, आणि ते हसणंही भिकुबाईंनी कान देऊन ऐकलं. वना आबा गोठ्यातून आले. त्यांनी मिठाईचा पुडा घेतला, खाट झटकून दिली, आणि हळूच जीनतला म्हणाले, "आते या घरमा माले काही पुटपुटानी सोय नही."

"ऐकू उनं माले," भिकुबाई लसणाकडं बघतच म्हणाल्या.

जीनतनं पिशवीतली पानं काढली. "अक्का, तुम्ही सांगितलेलं छापून आलंय. विधानसभेत गेलं."

"मनं नाव शे त्यामा?"

"नाव नाही. नाव लिहीत नाहीत."

भिकुबाईंना त्याचं काही वाटलं नाही. "वाच," त्या म्हणाल्या.

सरकारी भाषेतली सव्वादोन पानं जीनतनं अहिराणीत सांगत सांगत वाचली. काही शब्द बोलीत बसेनात, तिथं आबांनी मदत केली. भिकुबाई हातातला लसूण बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या बाकीनास्ले? एक्कावन्न लिखं शे. त्यास्ले बी ऐकू येस का आते?"

जीनतला खोटं सांगता आलं नाही. "धुळ्याकडं बऱ्याच जणांना येतं, अक्का. वर सातपुड्याच्या अंगाला काही गावांत सेल अजून पोचत नाहीत असं ऐकलंय. तिकडं परत पाहणी लागायची आहे."

"कव्हय?"

"हुकूम निघाला की."

"मंग तू जाय. तू जाशी तं तू इचारशी." भिकुबाईंनी पानांची घडी केली, जीनतच्या पिशवीत परत ठेवली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पन आते जेवी जाय. वांगानं भरीत शे."

जीनत चूल पेटलेल्या स्वयंपाकघरात, भिकुबाईंच्या शेजारी पाटावर जाऊन बसली. परतीची बस चारला होती. भिकुबाई भाकरी थापता थापता बोलत होत्या, मध्ये थांबून तिला प्रश्न विचारत होत्या, अब्बा कसे आहेत, नवरा काय करतो, पोरं किती. आणि प्रत्येक उत्तराला, हात पिठात तसाच ठेवून, मान तिच्याकडं वळवत होत्या.